श्वास आणि ‘मी’पणा

पहाटे पाच वाजता हॉस्टेलमध्ये दोनच प्रकारची मुलं जागी असतात. एक, ज्यांचं सबमिशन रात्रभरात संपलेलं नसतं ती. आणि दुसरी, गच्चीवर नाक धरून बसलेली. फर्स्ट इयरला मी दुसऱ्या प्रकारात होतो आणि मला त्याचा भारी अभिमान होता. हा लेख प्राणायामावर आहे, पण सुरुवात त्या अभिमानापासूनच करावी लागेल, कारण सगळा घोळ तिथंच होता.

मी सानगडीचा. भंडारा जिल्हा, साकोली तालुका. धानाच्या बांध्या, तलाव, पडका किल्ला, एवढं सांगितलं की गाव डोळ्यांसमोर येतं. शाळेत मी कायम पहिला. बारावीनंतर इकडे ॲडमिशन मिळाली तेव्हापासून गावात पानठेल्यावरसुद्धा ‘इंजिनियर’ अशी हाक. इथं आलो तर विंगमधला प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या शाळेतला पहिलाच! मग आपण वेगळे कसे दिसणार? मी टीव्हीवर पाहून प्राणायाम सुरू केला. मिनिटाला शंभर-सव्वाशे झटके. सिनियर्स बघताहेत असं दिसलं की दीडशे!

एका सकाळी असंच भरभर करताना चक्कर आली, बोटांना मुंग्या आल्या, ओठ बधिर झाले. मी रूम पार्टनरला गंभीरपणे सांगितलं, ‘कुंडलिनी जागृत होत असावी.’ तो इन्स्ट्रुमेंटेशनचा. म्हणाला, ‘आधी नाश्ता कर, मग जागृत कर.’

पुढे फेब्रुवारीत निकाल लागला. एम-वनमध्ये बॅक. रात्री बाबांचा फोन आला. मी म्हणालो, ‘सगळे निघाले.’ रोज पहाटे प्राणायाम करणारा मी, सरळ खोटं बोललो. तेव्हापासून मला प्रश्न पडला की, इतका श्वास ओढून-सोडून माझ्या आत नेमकं काय बदललं?

अहंकार म्हणजे फक्त गर्व नव्हे

आपण बोलताना ‘अहंकार’ हा शब्द घमेंड या अर्थाने वापरतो. सांख्य आणि योग दर्शनात त्याचा अर्थ जास्त मोठा आहे. सांख्यांनी बुद्धी, अहंकार आणि मन असे आतले तीन भाग मानले. त्यात अहंकार म्हणजे जे जे घडतं त्याला ‘हे माझं’, ‘हे मी केलं’, ‘हे मला झालं’ असा शिक्का मारणारं यंत्र. पतंजलींच्या योगसूत्रांत पाच क्लेश सांगितले आहेत : अविद्या, अस्मिता, राग, द्वेष आणि अभिनिवेश. यातली अस्मिता म्हणजे पाहणारा आणि पाहण्याचं साधन या दोघांना एकच समजणं.

आता हे आपल्या भाषेत. मार्कशीटवर एक आकडा येतो. तो आकडा म्हणजेच मी, असं वाटणं ही अस्मिता. म्हणजे ‘मी टॉपर’ हा जसा अहंकार, तसाच ‘मी नालायक’ हाही अहंकारच! दोन्हीकडे वाक्याचा कर्ता ‘मी’च आहे. मला हे कळलं तेव्हा धक्का बसला. कारण बॅक लागल्यावर मी स्वतःला फार नम्र झालेला समजत होतो. खरं तर मी चोवीस तास स्वतःचाच विचार करत होतो, फक्त उलट्या चिन्हाने. प्लस होता तिथं मायनस, पण मॅग्निट्यूड तेवढाच.

चौदाशे वर्षांची साधना

प्राणायामानं अहंकार आपोआप जातो का? याचं उत्तर आपल्याच परंपरेत आहे. चांगदेवांची कथा सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली असते. योगबळाने चौदाशे वर्षं जगलेले, मृत्यूला परतवणारे हे योगी. ज्ञानेश्वरांची कीर्ती ऐकून त्यांनी पत्र लिहायला घेतलं, पण मायना काय लिहावा? वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, की ज्ञानाने मोठे म्हणून नमस्कार? ठरेना. शेवटी कोराच कागद पाठवला. त्यावर मुक्ताबाई म्हणाल्या की इतकी वर्षं तप करून हा कोराच राहिला. पुढे चांगदेव वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन भेटायला आले आणि भावंडं बसल्या भिंतीसकट सामोरी गेली. त्या कोऱ्या पत्राचं उत्तर म्हणजे ‘चांगदेव पासष्टी’.

कथेतला चमत्कार बाजूला ठेवा. मायन्यापाशी अडकलेला माणूस बघा. श्वासावर ताबा होता, पण ‘मी मोठा की तो मोठा’ हा हिशेब सुटला नव्हता. माझे दीडशे झटके आणि चांगदेवांचा वाघ यांची जात एकच! आणि ज्ञानेश्वर योगाच्या विरोधात होते असं मुळीच नाही. ते नाथपंथाचे, आणि ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीचं इतकं तपशीलवार वर्णन आहे की वाचताना थक्क व्हायला होतं. पण तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं येतात, त्यात अनहंकार आहे. किती वेळ श्वास रोखता येतो, हे तिथं लक्षण म्हणून आलेलं नाही.

मोजून बघणारा योगी

आपल्यासारख्यांना पटतं ते मोजलेलं. या बाबतीत महाराष्ट्राकडे मोठं नाव आहे. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६). त्यांनी १९२४ साली लोणावळ्याला ‘कैवल्यधाम’ स्थापन केलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केलं. ज्या काळात योग म्हणजे जटाधारी आणि गुहा असं समीकरण होतं, त्या काळात हा माणूस एक्स-रे आणि दाबमापक घेऊन बसला. नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब वातावरणाच्या दाबापेक्षा कमी होतो, हे त्यांनी मोजून दाखवलं आणि त्या निर्वाताला स्वतःचं नव्हे, तर आपले गुरू माधवदासजी यांचं नाव दिलं. अहंकाराच्या लेखात ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

प्राणायामात खूप जास्त ऑक्सिजन मिळतो म्हणून फायदा होतो, हा समज आजही गच्चीगच्चीवर ऐकू येतो. कुवलयानंदांनी तो मोजमापांच्या आधारे तेव्हाच बाजूला सारला होता. आपणही साधं गणित करू. शांत बसलेला माणूस मिनिटाला साधारण १५ श्वास घेतो, प्रत्येक सुमारे ५०० मिली. म्हणजे ७.५ लिटर. पण प्रत्येक श्वासातले जवळपास १५० मिली नळ्यांमध्येच राहतात, वायुकोशांपर्यंत पोचत नाहीत. म्हणजे कामाचे १५ × ३५० = ५.२५ लिटर. आता मिनिटाला सहाच श्वास घ्या, पण प्रत्येकी एक लिटर. कामाचे झाले ६ × ८५० = ५.१ लिटर. जवळपास तेवढेच! शिवाय निरोगी माणसाच्या रक्तात ऑक्सिजन आधीच ९५ टक्क्यांच्या वर भरलेला असतो. टाकी भरलेली असताना पंप जोरात चालवून काय होणार?

उलट भरभर खोल श्वास घेतला तर कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो, रक्त जरा अल्कधर्मी होतं आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. चक्कर, मुंग्या, बधिर ओठ... माझी ‘कुंडलिनी’ ती हीच!

मग शांत वाटतं ते कशामुळे?

हृदयाचे ठोके घड्याळासारखे एकसारखे पडत नाहीत. श्वास घेताना ते किंचित जलद होतात, सोडताना किंचित मंद. सोडताना व्हेगस नावाच्या मज्जातंतूचा ब्रेक लागतो. म्हणून उच्छ्वास लांबवला की ब्रेक जास्त वेळ दाबलेला राहतो. श्वासाचा वेग मिनिटाला सहाच्या आसपास आला की रक्तदाब सांभाळणाऱ्या फीडबॅक लूपच्या स्वतःच्या लयीशी तो जुळतो. कंट्रोल सिस्टिम शिकलेल्यांना हे लगेच कळेल. २००१ साली इटलीतल्या बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी एक गंमतशीर निरीक्षण प्रसिद्ध केलं : ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना म्हणा किंवा ‘ओम मणि पद्मे हुम्’ हा मंत्र म्हणा, दोन्हींत श्वास मिनिटाला सहाच्या जवळ येतो. म्हणजे वेगवेगळ्या देशांतल्या आजीबाई एकाच फ्रिक्वेन्सीवर पोचल्या होत्या!

हठयोगप्रदीपिकेने तेच जुन्या भाषेत सांगितलं आहे. वारा हलला की चित्त हलतं, वारा थांबला की चित्त थांबतं. त्याच ग्रंथात ताकीदही आहे. सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू माणसाळवतात तसाच प्राण हळूहळू वश करावा, नाहीतर तो साधकालाच मारतो.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगतो. शरीर शांत होणं वेगळं आणि ‘मी’ सैल होणं वेगळं. पहिलं यंत्रावर दिसतं. दुसऱ्याबद्दल थोडा अंदाज येतो. आपण काही काम करत नसताना मेंदूतलं एक जाळं गजबजलेलं असतं आणि स्वतःबद्दलचे विचार त्याच्याशी जोडलेले आहेत. २०११ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात अनुभवी ध्यान करणाऱ्यांमध्ये त्याची हालचाल कमी आढळली. तरीही अहंकार मोजायचा मीटर अजून बाजारात आलेला नाही. त्यासाठी रूम पार्टनरलाच विचारावं लागतं.

आबाजींची पद्धत

त्या वर्षी होळीला गावी गेलो. मोह टपकायला लागला होता. सकाळी तलावाच्या पाळीवर बसून माझे झटके सुरू झाले. आमचे आबाजी, म्हणजे आजोबा, गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक ध्यानाला वर्षानुवर्षं जाणारे. थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ‘काहून बापू, कोनाच्या मागं धावून आला का?’

मी त्यांना सगळं शास्त्र सांगितलं. ते म्हणाले, ‘आता चूप बस. सोडतानी मोज. दहा झाले का पुन्हा एकपासून. चुकला तरी एकपासून. आन किती झाले ते मले नोको सांगू.’

शेवटचं वाक्य मला तेव्हा विनोदी वाटलं. सगळा प्राणायाम त्यातच होता. मी सलग दहापर्यंत एकदाही पोचलो नाही. चार-पाचला बाबांचा फोन आठवायचा. पुन्हा एक. पुन्हा तोच फोन. पुन्हा एक. झटक्यांच्या गोंगाटात जे ऐकू येत नव्हतं ते आता स्वच्छ ऐकू येत होतं. चौथ्या दिवशी पाळीवरून उठलो आणि बांधीत जाऊन बाबांना सांगितलं, ‘एम-वन राहिला आहे. तेव्हा खोटं बोललो.’ बाबा धुऱ्यावर बसले होते. थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘पुन्हा कवा हाय पेपर?’

एवढंच. दोन आठवडे मी ज्याला घाबरत होतो ते एवढंच होतं. श्वासाने मला धैर्य दिलं असं मी म्हणणार नाही. त्याने फक्त ‘लोक काय म्हणतील’ आणि ‘मी काय बोलतो’ यांच्यामध्ये चार सेकंदांची जागा करून दिली. बोलायचं मलाच होतं.

करून बघायचं असेल तर

१. सकाळी, पोट रिकामं असताना, पाठ ताठ ठेवून बसा. खुर्ची चालते. दोन मिनिटं श्वास आहे तसा फक्त बघा, सुधारू नका.

२. चार मोजेपर्यंत पूरक (श्वास घेणे), सहा मोजेपर्यंत रेचक (सोडणे). मिनिटाला बरोबर सहा श्वास होतात. पाच मिनिटं. नाकानेच, आवाज न करता.

३. अनुलोम-विलोम. उजव्या हाताच्या अंगठ्याने उजवी नाकपुडी बंद करून डावीने घ्या. अनामिकेने डावी बंद करून उजवीने सोडा. मग उजवीने घ्या, डावीने सोडा. पाच मिनिटं. श्वास रोखू नका.

४. भ्रामरी, पाच वेळा. सोडताना भुंग्यासारखा गुंजारव. उच्छ्वास आपोआप लांबतो. पहाटे पाचला करणार असाल तर विंगमधल्या झोपलेल्यांचाही विचार करा, तीसुद्धा अहंकार कमी करण्याची साधनाच आहे!

५. शेवटी आबाजींचे दहा. मन भरकटलं की स्वतःला शिव्या न देता एकपासून.

कुंभक, म्हणजे श्वास रोखणं, पुस्तक किंवा व्हिडिओ बघून करू नका. रक्तदाब, हृदयविकार, फिट्स, दमा किंवा नुकतंच ऑपरेशन झालेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. स्टाफमधल्या काका-मावशींनी हे विशेष लक्षात घ्यावं. नीट शिकायचं तर लोणावळ्याचं कैवल्यधाम आहे, आणि आपल्या विदर्भात नागपूरच्या रामनगरमधलं जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळ आहे. आणि डोळे मिटून बसल्यावर अंधारून येत असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर ते श्वासावर ढकलू नका. मित्राला उठवा, रेक्टरना सांगा, किंवा सरकारच्या टेलि-मानसला १४४१६ वर फोन लावा. मदत मागता न येणं हाही ‘मी’पणाच आहे.

एम-वन पुढच्या वेळी निघाला, काठावर. गच्चीवर मी अजूनही जातो, कोपऱ्यातल्या टाकीमागे बसतो. दहापर्यंत पोचतो का, असं हल्ली ज्युनियर विचारतात. आबाजींनी सांगितलं आहे, किती झाले ते सांगायचं नाही.