त्रिरश्मी डोंगरावरचे शक, यवन आणि आपण

माणसांना जन्मावरून वेगळं पाडण्याची रीत युरोपियनांनी आणली, असं सर्रास म्हटलं जातं. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरच्या पांडवलेण्यांतले सुमारे १९०० वर्षांपूर्वीचे ब्राह्मी लेख अधिक गुंतागुंतीची गोष्ट सांगतात.

तिसऱ्या लेण्यातल्या लेखात गौतमी बलश्री मुलाचा, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा, गौरव करते: त्याने शक, यवन (ग्रीक), पहलव या परक्यांचा संहार केला, क्षहरात वंश निखालस संपवला आणि चार वर्णांचा संकर थांबवला.

याच डोंगरात हे ‘परके’ दानशूर म्हणून भेटतात. त्याच क्षहरात वंशातल्या राजा नहपानाचा जावई उषवदात स्वतः शक. दहावं लेणं त्याचं दान. त्याने गोवर्धनच्या विणकर श्रेणीकडे २००० कार्षापण (तेव्हाची नाणी) दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवले. वर्षाच्या २४० कार्षापण व्याजातून वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी १२ मिळत. सतरावं लेणं उत्तरेकडच्या यवन इंद्राग्निदत्ताचं. त्याच्या वडिलांचं नाव धर्मदेव, मुलाचं धर्मरक्षित.

या परक्यांच्या कातडीचा रंग किंवा नाकाची ठेवण लेखांत कुठेच येत नाही. नाकाच्या मापावरून जातींची ‘वंश’वार उतरंड लावण्याचा खटाटोप एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हर्बर्ट रिस्ले यांनी केला. वंश, कूळ आणि वर्ण यांच्या भिंती मात्र आपल्याच होत्या.

त्या कधी पक्क्या झाल्या? हैदराबादची सीसीएमबी ही संशोधन संस्था आणि हार्वर्ड इथल्या संशोधकांनी २०१३ मध्ये ७३ समूहांचा डीएनए तपासला. दोन समाजांचा संकर झाला की वारशाने आलेले गुणसूत्रांचे सलग तुकडे दर पिढीला लहान होत जातात. त्यांच्या लांबीवरून काळ काढता येतो. उत्तर आलं: सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी दोन प्राचीन लोकसमूहांची सरमिसळ जोरात होती, जवळपास प्रत्येक समूहात पोचलेली. पुढे जातीतल्या जातीत लग्नं रूढ झाली आणि ही सरमिसळ ओसरली. राजमातेची प्रशस्ती हा त्याचा पुरावा नव्हे. पण संकराची धास्ती त्याच सुमारास दगडावर कोरली गेली, हे विसरता येत नाही.

आणि ती धास्ती सातवाहनांच्या घरातही टिकली नाही. कान्हेरीच्या लेण्यांतला लेख सांगतो, वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी कार्दमक कुळातल्या शक महाक्षत्रपाची लेक होती.

शुद्ध रक्ताचा अभिमान आपल्याकडे जुना आहे, हे मान्य करायला हवं. शुद्ध रक्त मात्र ना लेण्यांत सापडतं, ना डीएनएत. जातीच्या नावाने आजही लग्नं मोडणाऱ्यांना हे ठणकावून सांगायला हवं.