पेण-रोहा परिसरातील ऋतुनिहाय छायाचित्रण

ऋतुनिहाय छायाचित्रण म्हणजे एकाच परिसराची चित्रे वर्षभर, बदलत्या प्रकाशानुसार शैली बदलत टिपणे. रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा ही तालुक्याची ठिकाणे अशा अभ्यासास सोयीची आहेत.

पेण गणेशमूर्तींसाठी प्रसिद्ध आहे. शहरात आणि जवळच्या हमरापूर, जोहे या गावांत मूर्तींचे कारखाने जवळजवळ वर्षभर चालतात. हिवाळ्यात व उन्हाळ्यात रंग न दिलेल्या पांढऱ्या मूर्तींच्या रांगा आढळतात. सकाळच्या तिरप्या उन्हात त्यांच्यावर पडणाऱ्या सावल्या कृष्णधवल चित्राला पोषक ठरतात. पावसाळ्यात ढगांमुळे प्रकाश मृदू होतो, सावल्या विरतात आणि रंग गडद दिसतात. गणेशचतुर्थीपूर्वीची डोळ्यांची आखणी जवळून टिपावी ती याच उजेडात. फ्लॅश मात्र कटाक्षाने टाळावा. ओल्या रंगावर तो चकाकतो, शिवाय कारागिराचे लक्ष विचलित होते. आणि येथे एक रेष चुकली तरी मूर्तीची नजर बदलते. कारागिराची अनुमती आधी घ्यावी, हे ओघाने आलेच.

रोह्यात कुंडलिका नदी हा मुख्य विषय होय. पावसाळी प्रवाहासाठी कॅमेरा तिपाईवर ठेवून शटर सुमारे अर्धा सेकंद उघडे ठेवल्यास पाणी रेशमासारखे उमटते. हिवाळ्यात पहाटे धुके असल्यास सूर्यासमोरून घेतलेल्या चित्रात काठावरील झाडे व माणसे केवळ छायाकृती होतात. दसऱ्यानंतर ग्रामदैवत धावीर महाराजांची पालखी निघते व तिला पोलिसांची सशस्त्र मानवंदना दिली जाते. वृत्तछायाचित्रणाचा सराव करणाऱ्यांना ही उत्तम संधी असते. उन्हाळ्यात दुपारचे ऊन सपाट असल्याने अवचितगडाची चित्रे सूर्योदयाच्या वेळी घेणे इष्ट.