लेसोथो : पर्वतीय राज्याचे स्वातंत्र्य आणि परावलंबित्व

एकाच देशाने चहूबाजूंनी वेढलेली सार्वभौम राष्ट्रे जगात तीनच आहेत. त्यांपैकी व्हॅटिकन सिटी व सान मारिनो इटलीच्या पोटात आहेत, तर तिसरे राष्ट्र, लेसोथो, दक्षिण आफ्रिकेने वेढलेले आहे. क्षेत्रफळ ३०,३५५ चौरस किलोमीटर, म्हणजे केरळहून कमी, लोकसंख्या सुमारे २३ लाख, राजधानी मासेरू. संपूर्ण भूभाग समुद्रसपाटीपासून एक हजार मीटरपेक्षा उंच असलेला हा जगातील एकमेव देश आहे.

बासोथो जमातींना एकोणिसाव्या शतकात राजे मोश्वेश्वे पहिले यांनी एकत्र आणले. बोअर वसाहतकारांबरोबरच्या युद्धांत सुपीक सखल जमीन गमवावी लागली आणि १८६८ मध्ये त्यांनी ब्रिटिश संरक्षण स्वीकारले. त्यामुळे दक्षिण आफ्रिकेत विलीन होणे टळले. मात्र शेतीयोग्य जमीन कायमची तुटपुंजी राहिली. ४ ऑक्टोबर १९६६ रोजी देश स्वतंत्र झाला.

१९९३ च्या राज्यघटनेनुसार राजपद केवळ औपचारिक असून सध्या लेत्सी तिसरे सिंहासनावर आहेत. लोकशाहीची वाटचाल मात्र खडतर ठरली. १९७० ची निवडणूक रद्द करण्यात आली, १९८६ मध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि १९९८ मधील निवडणुकीनंतर उसळलेल्या हिंसाचारात दक्षिण आफ्रिका व बोट्सवानाचे सैन्य देशात आले. त्यानंतर २००२ पासून मिश्र निवडणूक पद्धत लागू झाली. कनिष्ठ सभागृहाच्या १२० जागांपैकी ८० मतदारसंघांतून, तर ४० प्रमाणशीर प्रतिनिधित्वाने भरल्या जातात. २०१२ पासून आघाडी सरकारांचे युग असून, हिरे व्यवसायातून राजकारणात आलेले सॅम मातेकाने ऑक्टोबर २०२२ मध्ये पंतप्रधान झाले.

अर्थव्यवस्थेचे जवळजवळ सर्व आधार सीमेपलीकडे आहेत. लोटी या चलनाचे मूल्य दक्षिण आफ्रिकेच्या रँडशी बरोबरीने बांधलेले आहे. दक्षिण आफ्रिकी सीमाशुल्क संघाकडून मिळणारा वाटा हा सरकारी महसुलाचा मोठा स्रोत आहे. पूर्वी हजारो कुटुंबे दक्षिण आफ्रिकेच्या खाणींतून येणाऱ्या मजुरीवर जगत. तेथील रोजगार १९९० नंतर झपाट्याने आटला. देशाची खरी संपत्ती म्हणजे पाणी. १९८६ च्या करारानुसार कात्से धरणातील पाणी जोहान्सबर्ग परिसराला पुरवले जाते व त्यापोटी लेसोथोला स्वामित्वशुल्क मिळते. दुसऱ्या टप्प्यातील पोलिहाली धरणाचे काम हाती घेण्यात आले आहे.

खाणकामगारांची पोकळी काही अंशी वस्त्रोद्योगाने भरली. अमेरिकेच्या २००० मधील 'अगोआ' कायद्याने शुल्कमुक्त बाजारपेठ खुली केली आणि जीन्स व टी-शर्ट शिवणाऱ्या कारखान्यांत प्रामुख्याने महिलांना काम मिळाले. हा आधारही २०२५ मध्ये डळमळला. अमेरिकेने एप्रिलमध्ये लेसोथोवर ५० टक्के आयातशुल्क जाहीर केले. ऑगस्टमध्ये ते १५ टक्क्यांवर आले; तथापि दरम्यानच्या अनिश्चिततेत मागण्या थांबल्या आणि कामगारकपात सुरू झाली. जुलैमध्ये सरकारला बेरोजगारीच्या कारणास्तव राष्ट्रीय आपत्ती जाहीर करावी लागली.

चलन, महसूल, मजुरी आणि निर्यात या चारही बाबींचे निर्णय अन्यत्र होत असल्याने मासेरूतील सरकारच्या हाती मर्यादित उपाय उरतात. नव्या बाजारपेठा शोधणे आणि धरणांच्या उत्पन्नातून देशातच रोजगार उभारणे, हीच त्याच्यापुढील मुख्य कसोटी आहे.