निवृत्तीनंतरचा बेकहॅम

१५ नोव्हेंबर २०२३. वानखेडेवर भारत-न्यूझीलंड उपांत्य सामन्याआधी सचिनसोबत फुटबॉलपटू डेव्हिड बेकहॅम मैदानात आला, आणि इथे सोलापुरात टीव्हीसमोरच्या शाळकरी पोरांनी त्याला क्षणात ओळखलं. आमचं शहर क्रिकेटचं. पॉली उम्रीगर यांचा जन्म इथलाच. फुटबॉलचं वेड पाहायचं तर कोल्हापूर गाठावं लागतं. शिवाय बेकहॅम मे २०१३ मध्ये निवृत्त झाला, तेव्हा ही पोरं रांगत असतील. त्यांची त्याच्याशी ओळख मोबाइलवरची.

आमच्या पिढीला तो आधी वर्तमानपत्रातून भेटला. १९९८ च्या विश्वचषकात अर्जेंटिनाच्या सिमिओनेला लाथ मारल्याबद्दल त्याला लाल कार्ड मिळालं, इंग्लंड हरलं, आणि लंडनमध्ये त्याचा पुतळा फासावर लटकवला गेला. वय अवघं २३. पुढच्याच वर्षी मँचेस्टर युनायटेडने बायर्नविरुद्ध चॅम्पियन्स लीगची अंतिम लढत भरपाई वेळेत जिंकली. ते दोन्ही गोल त्याच्या कॉर्नरमधून झाले.

चाळिसाव्या वाढदिवशी, २ मे २०१५ ला, तो इन्स्टाग्रामवर आला. तिथे दिसू लागला तो घरातला माणूस: बायको, मुलं, स्वयंपाक, पुढे कोंबड्या आणि मधमाश्यासुद्धा. ऑक्टोबर २०२३ मध्ये नेटफ्लिक्सवर त्याच्यावरची चार भागांची मालिका आली. आपण कष्टकरी घरातले, असं पत्नी व्हिक्टोरिया सांगत असताना तो दारातून डोकावतो आणि तिच्या वडिलांची रोल्स-रॉइस कबूल करायला लावतो. तो तुकडा जगभर फिरला. पुढच्याच महिन्यात बेकहॅम युनिसेफच्या कामासाठी भारतात होता.

या साऱ्यात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो मार्च २०२२ मधला दिवस. सात कोटींहून अधिक लोक पाहत असलेलं आपलं इन्स्टाग्राम खातं त्याने युद्धग्रस्त युक्रेनमधल्या खार्किव्हच्या प्रसूती केंद्राच्या प्रमुख डॉक्टर इरिना यांच्या हाती दिलं. बॉम्बहल्ल्यात गरोदर बायकांना हलवलेलं तळघर, नुकती जन्मलेली बाळं, युनिसेफने दिलेली प्राणवायूची यंत्रं हे सगळं त्या दिवशी लोकांनी त्या डॉक्टरांच्या मोबाइलमधून पाहिलं. प्रसिद्धीचा इतका थेट उपयोग फार थोड्यांनी केला आहे. २०२५ मध्ये त्याला नाइट किताब मिळाला, तो खेळाबरोबर समाजसेवेसाठीही.

एक खंत मात्र आहे. पोरांच्या मोबाइलवर फार तर त्याची फ्री-किक येते, त्यामागची धावपळ येत नाही. प्रतिस्पर्ध्याला चकवून पुढे निसटण्याइतका वेग त्याच्याकडे नव्हता. म्हणून उजव्या बगलेवर जरा जागा मिळाली की तो तिथूनच, समोरचा अंगावर येण्याआधी, चेंडू वळवून गोलसमोर टाकायचा. ६ ऑक्टोबर २००१ ला ग्रीसविरुद्ध भरपाई वेळेत त्याने मारलेली फ्री-किक सगळ्यांना पाठ आहे. तिनेच २-२ अशी बरोबरी होऊन इंग्लंड विश्वचषकाला पात्र ठरलं. त्याआधीचा तासदीड तास तो आपली बगल सोडून मैदानभर चेंडूमागे धावत होता. बाकीचा संघ ढेपाळला होता, आणि त्याच्या आधीच्या बऱ्याच फ्री-किक वाया गेल्या होत्या. पोरांना मी तो अख्खा सामना पाहायला सांगतो.