टेबलाच्या दोन्ही बाजूंचा ‘तू’

जव्हार-डहाणूकडच्या वारली पाड्यांवर मुले वडीलधाऱ्यांनाही सहज ‘तू’ म्हणतात. बोलीच तशी आहे. हीच मुले वाचनालयात ‘सर, तू गोष्टीचं पुस्तक दे’ म्हणाली, की ग्रंथपालांना ती उद्धट वाटतात. उलट टेबलामागून त्यांच्या वडिलांना ‘ए, तुला वाचता येतं का?’ असे विचारले जाते, तेव्हा त्या ‘तू’मधली तुच्छता बापलेकांना बरोबर कळते. उद्धट कोण, हे वाचकांनीच ठरवावे!

दुसरा शब्द ‘दंड’. पुस्तक उशिरा आले, तर रक्कम असते किरकोळ. पण रानाकाठच्या माणसाला दंड म्हटले की सरपणाची मोळी आणि वनरक्षक आठवतो. मग पुस्तक घरीच दडवले जाते आणि मूलही फिरकत नाही. ‘उशीर झाला तरी पुस्तक आणून द्या,’ एवढे तोंडी सांगितले तर भीती कमी होते.

डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे, हा त्यांतला दुसरा. पण कोणते पुस्तक हवे हे मूल आपल्या बोलीत सांगणार, आणि ते ग्रंथपालांना समजायला हवे. त्यासाठी वारलीतली वीसेक वाक्ये पाड्यावरच्या एखाद्या आजीकडून आठवडाभरात शिकता येतात.