शिट्टी न होणारा कुकर

‘तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर’ ही सूचना ज्या घरात कधी दिली गेली नाही, असं मराठी घर शोधून दाखवा. अशा मुलखात शिट्टीच न होणारा, सकाळी लावला तर संध्याकाळी जेवायला घालणारा विजेवरचा ‘स्लो कुकर’ कोण घेईल?

माझं उत्तर : करमाडचा माणूस. छत्रपती संभाजीनगरहून जालना रोडने निघालं, शेंद्र्याची एमआयडीसी मागे टाकली की करमाड येतं. स्वतःचं रेल्वे स्टेशन असलेलं, एका बाजूला ऑरिक या औद्योगिक नगरीतल्या कंपन्या आणि दुसऱ्या बाजूला कापूस-मका-ज्वारीची रानं असलेलं गाव. कंपनीवाल्यांच्या तीन शिफ्ट. फर्स्टला गेलेला पोरगा दुपारी उपाशी रूमवर येतो, सेकंडवाला मध्यरात्री, आणि तेव्हा कांदा चिरायला कुणाच्या अंगात जीव असतो? शिवाय हिवाळा आला की या पट्ट्यातल्या शेतांवर हुरडा पार्ट्या, भाड्याची फार्महाऊस, शनिवार-रविवारची मुक्कामी मंडळी. स्लो कुकरला याहून चांगलं गिऱ्हाईक कुठलं मिळणार?

शनिवारी चूल बंद

हे यंत्र अमेरिकेतलं, पण त्याचं मूळ आहे लिथुआनियातल्या विल्ना शहरात. ज्यू धर्मात शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत विस्तव पेटवायचा नाही. मग शनिवारी गरम जेवायचं कसं? शुक्रवारी संध्याकाळी मांस, घेवड्याचे दाणे, जवाचे दाणे, बटाटे एका भांड्यात भरून गावातल्या बेकरीच्या निवत्या भट्टीत ठेवायचे. रात्रभरात शिजून तयार. या पदार्थाचं नाव चोलंट. शिकागोतल्या अर्विंग नॅक्सन या इंजिनिअरने आईच्या तोंडून ही गोष्ट ऐकली आणि भट्टीच्या जागी विजेची तार बसवली. 1936 मध्ये पेटंटचा अर्ज, 1940 मध्ये पेटंट. पुढे रायव्हल कंपनीने त्याचा धंदा विकत घेतला आणि 1971 मध्ये तेच भांडं ‘क्रॉक-पॉट’ म्हणून बाजारात आलं.

शनिवार पाळणारे आपल्याकडेही होतेच. कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्रायली तेलाचे घाणे चालवायचे, पण शनिवारी घाणा बंद. गावाने त्यांना नावच दिलं, शनवार तेली.

वैलावरचं वरण

विजेची तार नव्हती तेव्हाही करमाडच्या चुलीला स्लो कुकर जोडलेला होताच. त्याला वैल म्हणतात. मुख्य तोंडावर भाकरीचा तवा, आणि त्याच्या खालून निसटणारी आच मागच्या-बाजूच्या दुसऱ्या तोंडाशी जाते. तिथे डाळीचं पातेलं किंवा घुगऱ्या. वेगळं सरपण नाही, वेगळं लक्ष नाही. भाकरी होईस्तोवर डाळ मऊ पडते, मग तीच आच दुधाला. विझत्या गोवऱ्यांवर तासन्‌तास राहिलेल्या दुधाची साय लालसर होते आणि त्या दुधाला जो खरपूस वास येतो तो गॅसवर काही केल्या आणता येत नाही. स्लो कुकरलाही येत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

याच जातीची आणखी दोन भावंडं. कोलकात्याच्या इंदुमाधव मल्लिक यांनी 1910 मध्ये ‘इकमिक कुकर’ काढला. डब्यावर डबा, तळाशी थोडा कोळसा, वर भात-डाळ-मटण, आणि आपण कामावर. आणि पुण्यातल्या ‘आरती’ या संस्थेचा, डॉ. आनंद कर्वे यांचा ‘सराई कुकर’. उसाच्या पाचटापासून केलेल्या कोळशाच्या जेमतेम शंभरेक ग्रॅम कांड्यांवर चार-पाच माणसांचा भात-वरण-भाजी. ज्या पाचटाला शेतकरी सरळ काडी लावतो त्यावर स्वयंपाक! पाचटाच्या कोळशासाठी 2002 मध्ये या संस्थेला लंडनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला.

युरोपातही युद्धाच्या काळात सरपण वाचवायला गवताची पेटी वापरायचे. पदार्थाला उकळी आणायची, झाकण घट्ट लावायचं आणि भांडं वाळक्या गवतात खुपसून द्यायचं. विस्तव नाही, वीज नाही. करमाडला कडबा आणि भुसा दोन्ही आहे, करून बघायला हरकत नाही. फक्त म्हशीपासून लांब ठेवा.

नान-कलिया : मंद आचेचा बादशहा

संभाजीनगरात बसून सावकाश शिजणाऱ्या अन्नावर लिहायचं आणि नान-कलिया सोडायचा, म्हणजे पंढरपूरला जाऊन चंद्रभागा न बघण्यासारखं. मुहम्मद तुघलकाने 1327 च्या सुमारास दिल्लीची राजधानी दौलताबादला आणली, त्याच्या फौजेसाठी एकाच वेळी शेकडोंना पुरेल असं हे जेवण निघालं, अशी इथली आख्यायिका. खरी-खोटी काहीही असो, पदार्थाची रचना मात्र लष्करी आहे. भली मोठी तांब्याची, आतून कल्हई केलेली देग, खाली लाकडं, आत मांस, हळद, मसाला. जोरात उकळू द्यायचं नाही. काही तासांनी वर पिवळी-लाल तर्री तरंगते आणि वाढपी डाव बुडवण्याआधी ती बाजूला सारतो, मग ज्याच्यावर मर्जी त्याच्या ताटात जास्त. तंदुरातल्या नानला चकाकी येते ती हळद-गुळाच्या पाण्याच्या हाताने.

याच्यामागचं शास्त्र साधं आहे. नळी, पाया, मानेचं मटण यात कोलॅजन नावाचा चिवट पदार्थ भरपूर. सत्तर-ऐंशी अंशांच्या पुढे, बराच वेळ मिळाला तर त्याचं जिलेटिन होतं. रस्सा बोटाला चिकटतो तो त्यामुळे. म्हणून स्लो कुकरमध्ये महागडं मऊ मटण घालणं म्हणजे पैसे वाया. खाटकाकडे नळ्या मागा. चिकनच्या छातीचे तुकडे तर आठ तास ठेवलेत तर चिंध्या होतात.

‘लो’ आणि ‘हाय’चा घोळ

बहुतेकांना वाटतं, ‘लो’वर कुकर कमी तापतो आणि ‘हाय’वर जास्त. बहुतेक मॉडेलांत दोन्हीकडे शेवटी तापमान जवळजवळ तेवढंच होतं, उकळीच्या जरा अलीकडे. फरक तिथवर पोचायला लागणाऱ्या वेळेचा. ‘हाय’वरचे चार तास म्हणजे ‘लो’वरचे साधारण सात-आठ.

प्रेशर कुकरमध्ये आतलं पाणी 120 अंशांच्या आसपास जातं, म्हणून तूरडाळ तीन शिट्ट्यांत. स्लो कुकरला ते जमणं शक्य नाही. त्यात आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून वर, म्हणजे इथे पाणी अठ्ठ्याण्णव अंशांनाच उकळतं. महाबळेश्वरच्या (1,353 मीटर) बंगल्यात ते साडेपंचाण्णवच्या आसपास उकळतं. तिथे डाळ शिजता शिजत नाही आणि सगळे डाळीच्या दुकानदाराला शिव्या घालतात. त्याचा काही दोष नसतो.

झाकण उघडून डोकावायची सवय आपल्याला फार. दर वेळी उघडलं की शिजायचा वेळ वीस-पंचवीस मिनिटांनी वाढतो. सासूबाई घरी असतील तर रात्रीचं जेवण दुसऱ्या दिवशी.

आणि बचतीच्या गप्पा मारणाऱ्यांसाठी : 200 वॉटचा स्लो कुकर आठ तास चालला तर 1.6 युनिट जळतात. 1,500 वॉटची इंडक्शन शेगडी अर्धा तास पूर्ण जोरात चालली तर पाऊण युनिट. वीज वाचवायची असेल तर प्रेशर कुकरच बरा. स्लो कुकर वाचवतो तो तुमचा वेळ आणि लक्ष.

राजम्याशी मस्ती नको

हा मजेचा भाग नाही, पण सोडता येत नाही. कच्च्या राजम्यात एक विषारी लेक्टिन असतं. चार-पाच कच्चे दाणेसुद्धा उलट्या-जुलाबाला पुरतात. खळखळून उकळलं की ते निकामी होतं. पण ऐंशी अंशांच्या आसपासच रेंगाळलं तर विषाचा जोर उलट वाढू शकतो. म्हणजे स्लो कुकरमध्ये कच्चा राजमा थेट टाकणं ही सगळ्यात वाईट पद्धत. रात्रभर भिजवा, पाणी फेका, ताज्या पाण्यात किमान दहा मिनिटं जोरात उकळा. अमेरिकेची एफडीए तर अर्धा तास सांगते. त्यानंतरच कुकर. साताऱ्याकडचा वाघ्या घेवडाही राजम्याच्याच जातीचा, तेव्हा त्यालाही हाच नियम. मूग-मटकीचं एवढं भय नाही.

चिंच, कोकम, टोमॅटो शेवटी घाला. आंबट आधी पडलं की डाळ आणि कडधान्यं अडून बसतात, हे आजीला माहीत होतं आणि रसायनशास्त्रालाही मान्य आहे.

लाईट गेली तर?

करमाडचा खरा प्रश्न हाच. सकाळी सातला कुकर लावून ड्युटीवर गेलात, दहाला लाईट गेली, एकला आली. बाहेरून सगळं छान दिसतं. पण अन्न 5 ते 60 अंशांच्या मध्ये रेंगाळलं की जंतूंची चंगळ. घरी कुणी नसताना लाईट गेली आणि किती वेळ गेली ते कळायला मार्ग नसेल, तर ते अन्न टाकून द्यायचं, शिजलेलं दिसलं तरी. जीव हळहळेल, पण इलाज नाही. घरी असाल तर लगेच गॅसवर चढवा. पूर्ण शिजल्यावर लाईट गेली असेल तर दोन तास चिंता नाही.

एक साधी युक्ती : विजेच्या सॉकेटवर चालणारं, काट्यांचं जुनं घड्याळ बाजूला लावून ठेवा. परत आल्यावर ते जेवढं मागे, तेवढा वेळ लाईट नव्हती. इन्व्हर्टरवर भिस्त ठेवणाऱ्यांसाठी हिशेब : 150 अँपिअर-अवरच्या 12 व्होल्ट बॅटरीत कागदोपत्री 1.8 युनिट असतात. एक मटण आणि बॅटरी संपली, पंखा बंद.

फार्महाऊसवर

भाड्याच्या जागी किचन म्हणजे एक शेगडी, अर्धा सिलिंडर आणि बूड काळं झालेली कढई. इथे स्लो कुकर शोभतो. इंडक्शनला किंवा गिझरला पंधरा अँपिअरचा सॉकेट लागतो, याला एक अँपिअरच्या आसपास पुरतो; साध्या पाचवर बिनधास्त चालतो. फक्त चायनीज एक्स्टेन्शनचं वेटोळं नको. मटण धुऊन, हळद-मीठ-आलं-लसूण लावून घरूनच न्या, पण बर्फ झालेलं टाकू नका. धोक्याच्या तापमानातून वर यायला त्याला फार वेळ लागतो. बटाटे, गाजरं तळाला, मटण वर, कारण या भांड्यात कंदमुळं मटणापेक्षाही हळू शिजतात. पाणी नेहमीच्या निम्मं, कारण वाफ कुठे जात नाही. भांडं अर्ध्याहून जास्त, पण दोनतृतीयांशाहून कमी भरलेलं. मग आगटीपाशी जाऊन निवांत हुरडा खा, दही-चटणी तोंडी लावा. रात्री कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि काळा मसाला वेगळ्या कढईत परतून वरून ओता.

ही शेवटची पायरी टाळता येत नाही. चिनी मातीचं भांडं थेट विस्तवावर चालत नाही, त्यामुळे स्लो कुकरला फोडणी येत नाही. ज्या पुस्तकांत ‘सगळं एकदम टाका आणि विसरा’ असं लिहिलेलं असतं, ती मराठी जिभेसाठी लिहिलेली नाहीत. अनुपी सिंगला यांचं ‘द इंडियन स्लो कुकर’ हे 2010 चं पुस्तक शिकागोतून निघालं. डाळी-कडधान्यांसाठी ते उपयोगी आहे. पिठलं, पालेभाजी, भरली वांगी मात्र यात लावू नका. पालेभाजीचा चिखल होतो आणि वांगी ओळखू येत नाहीत.

न्यू जर्सीहून आलेली भेट

भाच्याने अमेरिकेहून हौसेने आणलेला क्रॉक-पॉट तसाच सॉकेटला लावू नका. तिकडची वीज 120 व्होल्ट, आपली 230. दाब दुपटीजवळ गेला की उष्णता साडेतीन पटीहून जास्त. 200 वॉटचं यंत्र सातशेच्या वर ओढणार, आणि कलियाआधी कुकरच शिजणार. चांगला ट्रान्सफॉर्मर घ्या, नाहीतर इथलाच कुकर.

जानेवारी 2018 मध्ये ‘धिस इज अस’ या अमेरिकी मालिकेत जुन्या स्लो कुकरच्या बिघडलेल्या बटणामुळे घराला आग लागते असं दाखवलं आणि प्रेक्षकांनी घरातले कुकर उचलून फेकायला सुरुवात केली. कंपनीला खुलासा काढावा लागला. आपल्याकडे मालिकेत इतकी माणसं जिन्यावरून पडतात, कुणी जिना पाडला नाही.

राहता राहिलं भांडं घासणं. गरम असताना त्यावर थंड पाणी ओतलं की चिनी माती तडकते. आणि भांडं फार्महाऊसवाल्याचं असेल तर डिपॉझिट गेलं.