दात, दंतवैद्य आणि दुःखमुक्ती

मराठी माणूस संतापला की दातओठ खातो, शरण आला की दाती तृण धरतो आणि मुलांना समजावून थकला की त्याच्या दातांच्या कण्या होतात. भाषेत दातांना एवढा मान. पण दिवाळीची कडक चकली दाढेखाली येऊन कळ मस्तकात जाईपर्यंत आपण त्यांची साधी विचारपूसही करीत नाही! मग ती खुर्ची, तो झगझगीत दिवा आणि तबकात ओळीने मांडलेली चकचकीत हत्यारे. वाचकहो, त्या हत्यारांना भिण्यापूर्वी त्यांची कुळकथा ऐकण्यासारखी आहे.

हे कुळ आपल्याला परके नाही. सुश्रुतसंहितेत वीस शस्त्रांची गणना आहे आणि त्यांत ‘दंतशंकु’ आहे. दातांवर साचलेला कठीण थर खरवडण्याचे हे शस्त्र. सुश्रुताची काही यंत्रे तर पशुपक्ष्यांच्या तोंडांवरून घडविलेली. कंक पक्ष्याच्या चोचीवरून ‘कंकमुख’ झाले. गंमत अशी की चौदाव्या शतकात युरोपातील दात उपटण्याच्या हत्यालाही ‘पेलिकन’ या पाणपक्ष्याचेच नाव मिळाले. पुढे अठराव्या शतकात किल्ली आली. कुलपात फिरवावी तशी ती दाताला अडकवून फिरवायची. दात निघे, पण कित्येकदा जबड्याच्या हाडाचा तुकडाही बरोबर येई. सर्व दातांना एकच हत्यार, हा त्यातला खरा दोष. १८४० च्या सुमारास इंग्लंडात जॉन टोम्सने एव्हरार नावाच्या कारागिराकडून प्रत्येक दाताच्या मानेला नेमके बसतील असे निरनिराळे चिमटे घडवून घेतले. दात उपटण्याच्या कामात बळाची जागा मापाने घेतली, ती अशी.

त्यापूर्वी १७२८ मध्ये पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला होता. दात किडतात ते त्यांतल्या अळीमुळे, ही जुनी समजूत त्याने खोडून काढली. त्याच्या काळी रोग्याला जमिनीवर बसवून त्याचे डोके दात काढणाऱ्याच्या गुडघ्यांत धरीत. फोशारने सांगितले, ‘त्याला आरामखुर्चीत बसवा.’ दंतवैद्याची खुर्ची ही मुळात रोग्यावर केलेली दया आहे, हे आपण विसरतो.

दात कोरण्याच्या यंत्राचा प्रवास तर चरख्यापासून सुरू होतो! जॉर्ज वॉशिंग्टन १७८९ मध्ये अमेरिकेचा अध्यक्ष झाला तेव्हा त्याच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. त्याच्या कवळ्या लाकडी होत्या, ही केवळ दंतकथा (शब्द अगदी चपखल!). त्याचा दंतवैद्य जॉन ग्रीनवुड पाणघोड्याच्या दातापासून कवळ्या करी. याच ग्रीनवुडने १७९० मध्ये सूत काढण्याच्या पायचाकाला दात कोरण्याची सळई जोडली असे सांगतात. १८७१ मध्ये मॉरिसनने पायाने चालविण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले, १८७५ मध्ये ग्रीनने विजेच्या यंत्राचे. १९५७ मध्ये जॉन बोर्डेनने हवेच्या झोताने फिरणारे यंत्र बाजारात आणले, तेव्हा वेग मिनिटाला सुमारे ३ लाख फेऱ्यांवर गेला. वेग वाढला म्हणून दुःख वाढले नाही, उलट घटले. हळू फिरणारी सळई दाबावी लागे आणि तिच्या हादऱ्याने सबंध डोके थरथरे. वेगवान सळई नुसत्या स्पर्शाने कोरते. घर्षणाने दात तापू नये म्हणून सोबत पाण्याचा फवारा. आपल्याला घाबरविणारा तो किणकिणाट म्हणजे दुःख कमी झाल्याची खूण आहे!

पण ही दुःखमुक्ती फुकट मिळालेली नाही. १० डिसेंबर १८४४ रोजी अमेरिकेतील हार्टफर्ड गावी होरेस वेल्स या दंतवैद्याने हास्यवायूचा खेळ पाहिला. वायूच्या धुंदीत एका माणसाच्या पायाला जखम झाली. त्याला पत्ताच नव्हता. दुसऱ्याच दिवशी वेल्सने तो वायू हुंगून स्वतःची दाढ काढवून घेतली. पण १८४५ मध्ये बोस्टनच्या जाहीर प्रयोगात रोगी ओरडला आणि वेल्सची हुर्यो झाली. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी त्याच गावी त्याचा पूर्वीचा शिष्य मॉर्टन याने ईथरचा प्रयोग यशस्वी करून जयजयकार मिळविला. खचलेल्या वेल्सने १८४८ मध्ये न्यूयॉर्कच्या तुरुंगात आत्महत्या केली. तो अवघा तेहेतीस वर्षांचा होता. १८६४ मध्ये अमेरिकन दंतवैद्यांच्या संस्थेने शोधाचा मान त्याला दिला. घ्यायला तो नव्हता.

न्यू ऑर्लिन्सचा एडमंड केल्स हाही असाच. तोंडातील लाळ आणि रक्त ओढून घेणारा पंप त्याने तयार केला आणि १८९६ पासून दातांची क्ष-किरण चित्रे घेतली. यंत्र ठीक चालते की नाही हे पाहण्यासाठी तो दर वेळी स्वतःचाच हात किरणांपुढे धरी. आधी बोटे गेली, मग हात, मग सबंध बाहू. १९२८ मध्ये असह्य यातनांनी त्याने जीवन संपविले. आज आपल्या दाढेचे चित्र क्षणात निघते, त्यामागे ही किंमत आहे.

आपल्या देशात १९२० मध्ये डॉ. रफिउद्दिन अहमद यांनी कलकत्त्यात पहिले दंतवैद्यक महाविद्यालय स्थापन केले. १९४८ मध्ये दंतवैद्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि जत्रेत बसून दात उपटणाऱ्यांचे राज्य ओसरू लागले.

‘दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत,’ ही आपली म्हण मात्र एका सशाने ढिली केली! १९५२ मध्ये स्वीडनच्या ब्रोनेमार्कने सशाच्या हाडात टायटेनियमची नळी बसविली. काम संपल्यावर ती निघेना. हाड तिला घट्ट जुळले होते. अडचणीतून त्याने युक्ती शोधली. १९६५ मध्ये त्याने एका रोग्याच्या जबड्यात टायटेनियमचे स्क्रू बसवून त्यांवर दात चढविले. २००६ मध्ये तो मरण पावला तोवर ते त्याला साथ देत होते.

तेव्हा फराळाचे ताट पुढे आले की चकली जपून फोडा आणि रात्री दात घासायला विसरू नका. दुसऱ्याचे दुःख ज्यांना पाहवले नाही, अशांनी ती हत्यारे घडविली आहेत. तरीही ती तबकात राहिलेलीच बरी!